चपलांपाशी तीन राजे

१ डिसेंबर

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद उचलावा लागत नाही, तो टेबलावर पडून राहतो आणि कधीतरी माणूस तो वाचतोच, एवढ्या भरवशावर लिहिते आहे.

काल तुझ्या साइटवरच्या कारकुनाचा फोन आला. बिचारा इतका चाचरत होता की मला वाटलं, तू क्रेनवरून पडलास. तसं काही नाही म्हणाला. म्हणाला, "तुमच्या भावाने निरोप दिलाय. मुलांना तुम्हीच ठेवून घ्या, त्यांना जमणार नाही." मी विचारलं, किती दिवस? तर म्हणे, "तसं काही बोलले नाहीत. कायमचंच असावं बहुतेक."

बहुतेक! अरे, मांजराचं पिल्लू द्यायचं असलं तरी माणूस दोन शब्द स्वतःच्या तोंडाने बोलतो. ही तर मुलं आहेत, तुझी आणि वहिनीची. तेव्हा एकच कर. जे काय असेल ते इथे येऊन, त्या दोघांसमोर उभं राहून सांग. ते जमत नसेल तर गुपचूप घरी ये आणि राहा. तिसरा रस्ता मला दिसत नाही.

मी चिडले आहे असं समजू नकोस. चिडायला माणूस जागा असावा लागतो. दातांच्या डॉक्टरकडे हिरडीला भूल द्यायची सुई दिली की माणूस घरी जाताना स्वतःचाच गाल चावत बसतो आणि त्याला पत्ताही नसतो. तसं चाललंय माझं. मार्चमध्ये वहिनी गेली, मे महिन्यात तू गेलास. तिला परत येता येत नाही, एवढाच काय तो फरक.

आज नाताळची पेटी काढली. माझा मुळीच विचार नव्हता. माऊने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, माळ्याखाली ठेवलं आणि शेजारी उभी राहिली. बोलली काही नाही. आठ वर्षांची पोर कामवाल्याची वाट बघत असल्यासारखी नुसती उभी. मग चढले. खिडकीत गोठा मांडला. गाय, गाढव, मेंढ्या, गवत सगळं आहे. गव्हाण रिकामी ठेवली, बाळ चोवीस तारखेला.

आणि तीन राजे वहिनीच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या दारापाशी, चपलांच्या रॅकवर. नियम तुला आठवतो की तोही क्रेनवर ठेवून आलास? राजे आपले आपण चालतात. रोज थोडे थोडे. सगळं घर पालथं घालत सहा जानेवारीला गोठ्यात पोचतात. त्यांना कुणी सरकवताना दिसलं, तर ज्याने पाहिलं त्याने तोंडाला कुलूप लावायचं. त्याबद्दल बोलायचं नाही, कुणी कुणाशीच नाही.

गुलाबी हाताचा राजा अजून धड आहे. तू कामावर जायच्या घाईत त्याच्यावर बूट ठेवला होतास आणि मी कवळीच्या हिरडीचा मसाला वापरून त्याला हात करून दिला होता. मुलं त्याला अजून "बाबांचा राजा" म्हणतात. उंटाचे दातही शाबूत आहेत. उंटाला कवळी बसवली म्हणून वहिनी हसता हसता उचकी लागून जमिनीवर बसली होती. आज उंट हातात घेतला तेव्हा मला ते आठवलं. आठवलं फक्त.

उत्तर दे.

तुझी बहीण


५ डिसेंबर

दादा,

कवळ्यांच्या कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. वर्षभर हिरड्यांवर भागवणाऱ्या लोकांना नाताळच्या जेवणाला मात्र दात हवे असतात. मालक सकाळ-संध्याकाळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतात, "बाई, चोवीसच्या आत एकही जबडा इथे दिसता कामा नये." मी म्हणते, माझा धरून का? त्यांना विनोद कळत नाही. मलाही आजकाल माझे विनोद ऐकूच येतात फक्त, हसू येत नाही.

राजांचं सांगते. पहिल्या दिवशी मी त्यांना सरकवायचं विसरले. वहिनी हे कधी करायची, सकाळी की संध्याकाळी, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं. नियमच तसा होता ना, विचारायचं नाही. सकाळी भुंग्या उठला, तसाच अनवाणी चपलांच्या रॅकपाशी गेला, बघितलं आणि दात घासायला निघून गेला. त्याने "का नाही चालले?" असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी थाप मारली असती.

मग दुसऱ्या दिवसापासून चहाचं आधण ठेवलं की राजांना उचलते. आधी पाण्याच्या पिंपावर नेले, मग साखरेच्या डब्यावर. मुलं उठून बघतात. माऊ म्हणते, "चालले." भुंग्या काहीच म्हणत नाही. एक गोष्ट मी तुला आतापर्यंत कळवली नव्हती, आता ओघात लिहूनच टाकते. भुंग्या गुणगुणत नाही. दिवसभर ज्या आवाजाने आपण कावायचो आणि ज्यावरून त्याचं हे नाव पडलं, तो आवाज तू गेल्यापासून बंद आहे. डॉक्टर म्हणाले घशाला काही झालेलं नाही.

शाळा सुटल्यावर खालच्या काकू मी येईपर्यंत वर येऊन बसतात. बसतात म्हणजे सोफ्यावर घोरतात, पण घरात मोठं माणूस आहे एवढं समाधान.

काल रात्री बिस्किटं केली. वहिनीचे चांदणीचे साचे काही केल्या सापडेनात. सगळी कपाटं उपसली. शेवटी जबड्याचं माप घ्यायचे नवे कोरे ट्रे घरात होते, ते धुऊन घेतले आणि त्यांनीच पीठ कापलं. तेव्हा या वर्षी आपल्याकडे जबड्याच्या आकाराची बिस्किटं आहेत, वरचा आणि खालचा. माऊने त्यांवर साखरेचे दात काढले, अगदी दाढा धरून, आणि एक दात मुद्दाम वगळला. "हे काकूंचं," म्हणाली. काकूंना दिलं तर त्यांनी चहात बुडवून खाल्लं, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. मी बघत होते, माऊ हसते का. तोंडाचा एक कोपरा हलला तिचा.

मेणाच्या पत्र्यांमधले पातळ कागद मी कारखान्यातून आणते, त्यांच्या चांदण्या कापून भिंतीला लावल्या आहेत. पंखा लावला की उडतात, म्हणून पंखा लावत नाही.

तुझं उत्तर आलं नाही. येतानाचं तिकीट काढलं असशील म्हणून लिहिलं नसशील, असं मी मुलांना सांगितलेलं नाही. काहीच सांगितलेलं नाही.

तुझी बहीण


१० डिसेंबर

दादा,

पार्सल मिळालं. चिठ्ठी शोधली, कागद फाडून आतल्या पुठ्ठ्याच्या मागेही बघितलं. चिठ्ठी नव्हती. असो.

माऊचा फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर येतो. भुंग्याचा शर्ट गळ्यातून जाईना. ओढून ताणून घातला तर हात दोन्ही बाजूंना ताठ, खांबासारखे. तो तसाच आरशासमोर उभा राहिला. म्हणाला, "बाबांना मी एवढाच आठवतो का?" मी म्हटलं, दुकानदाराची चूक. तुझ्यासाठी मी दुकानदारावर ढकललं, लक्षात ठेव.

तू गेलास तेव्हा तो एवढाच होता, हे खरं आहे. पण मुलं थांबत नाहीत रे कुणासाठी.

बाकी माझं डोकं ठिकाणावर नाही. राजांना मी काल सकाळी माऊच्या दप्तराच्या कप्प्यावर ठेवलं होतं, म्हणजे जवळपास अर्धं घर पार झालं होतं. आज पहाटे चहा ठेवून बघते, तर तिघेही पुन्हा चपलांपाशी. काल ठेवले होते की ठेवायचं मनात आलं आणि राहून गेलं? परवाचंही नीट आठवेना. मग गुपचूप उचलले आणि पुन्हा पिंपावरून सुरुवात केली.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. याआधीही दोनदा असंच वाटलं होतं, की मी ठेवले तिथे ते नव्हते. तेव्हा मनावर घेतलं नाही. कामावरही तेच. परवा एका बाईंची कवळी एका कर्नलसाहेबांच्या डबीत घातली. कर्नलसाहेबांनी ती तोंडात घातली म्हणे, आणि वर "बसते आहे" म्हणाले. मालक दात ओठ खात आले. म्हणाले, "बाई, सुट्टी हवी असेल तर घ्या, पण माणसांची तोंडं बदलू नका." मी सॉरी म्हटलं. घाबरायला हवं होतं, नोकरी आहे. घाबरले नाही. हात आपले आपण मेण कापत होते, ते बघत बसले.

तेव्हा तूच ये. मी विसरायला लागले आहे, आणि दोन मुलं ही विसरून चालणारी गोष्ट नव्हे.

तुझी बहीण


१६ डिसेंबर

दादा,

आज शाळेचं नाताळचं नाटक झालं. भुंग्या मेंढी होता. मेंढीला एकच काम, देवदूत आला की "बें" करायचं. पांढऱ्या कापसाचा कोट मी शिवला, कापूस कारखान्यातलाच. बाईंनी आठवडाभर घोकून घेतलं होतं.

देवदूत आला. बाकीच्या मेंढ्या ओरडल्या. आपली मेंढी गप्प. नुसती लोकांकडे बघत होती, एकेक रांग धरून, मागच्या दारापर्यंत. माझ्या लक्षात आलं ती कुणाला शोधते आहे. शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा म्हणाले, "किती गुणी मेंढी!" मी मान हलवली.

नाटक संपल्यावर मुलांचा लोंढा बाहेर आला, प्रत्येक जण आपापल्या माणसाला हाका मारत होता. भुंग्यानेही मला हाक मारली. मी ओ दिली. कोणती हाक, ते आता लिहीत नाही.

नंतर बाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षी पालक म्हणून कुणाचं नाव लावायचं?" मी म्हटलं, कळवते. घरी येईपर्यंत भुंग्याने माझं बोट सोडलं नाही. कापसाचा कोट घालूनच जेवला आणि तसाच झोपला. मी कापूस वेचत बसले, सगळ्या गादीभर झाला होता.

तू ये म्हणून मी तीन पत्रं लिहिली. तशी आता घाई नाही. कामाचा खोळंबा होत असेल तर बघ तुझ्या सोयीने. आमचं चाललंय. माऊला वेण्या घालायला मला जमायला लागलंय, आता डोळे ताणले जात नाहीत तिचे. भुंग्याला पोळीची कड आवडत नाही, ती मी खाते. घराला एक शिस्त लागली आहे.

फक्त राजे. राजे माझ्या हातून रोज चुकताहेत. सकाळी गोठ्याच्या दिशेने नेते आणि दुसऱ्या सकाळी ते चपलांपाशी. आता तर रॅकवरही नसतात, खाली, थेट दाराच्या फटीला नाक लावून. असे ठेवल्याचं मला अजिबात आठवत नाही.

बहीण


२० डिसेंबर

दादा,

मी विसरत नव्हते.

आज रविवार. माऊची वेणी घालत होते. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, म्हणून बोलली असेल. म्हणाली, "आत्या, एक विचारू? नियम मोडतोय माझा."

"विचार."

"तू राजांना रोज मागे का नेतेस?"

मला कळेचना. मी म्हटलं, "मागे कुठे नेते? पुढे नेते, गोठ्याकडे."

ती म्हणाली, "गोठा मागे आहे. बाबा तिकडे आहेत ना, बाहेर. भुंग्या त्यांना रोज दारापर्यंत आणतो, बाबांना आणायला पाठवायचं म्हणून. आणि सकाळी उठून बघतो तर तू परत मागे नेलेलं असतं."

वेणीचा तिसरा पेड माझ्या हातातून सुटला. तिने तो स्वतःच मागे हात करून धरून ठेवला.

म्हणजे बघ कसं चाललं होतं. पहाटे मी त्यांना गोठ्याकडे ढकलत होते आणि दुपारी, काकू घोरत असताना, हा पाच वर्षांचा जीव त्यांना पुन्हा सगळं घर ओलांडून दारापाशी आणत होता. संध्याकाळी मी दमून येते, पायाखाली बघतही नाही. एकेक राजा दोन्ही हातांत धरून, म्हणजे तीन खेपा, आणि उंटाची चौथी. आधी अधूनमधून, मग रोज. आणि वहिनीचा नियम असा, की कुणी कुणाला बोलायचं नाही. मी त्याला विचारलं नाही, त्याने मला विचारलं नाही. मी स्वतःला वेडी समजत होते आणि तो मला काय समजत होता, देव जाणे.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

माऊ म्हणाली, "मला वाटलं, बाबा येऊ नयेत असं तुला वाटतं."

मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय!" पण लगेच नाही म्हटलं. मधे थोडा वेळ गेला. पोरीच्या ते लक्षात आलं असणार, तिच्या लक्षात सगळं येतं. मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली.

उद्यापासून मी राजांना हात लावणार नाही.

बहीण


२४ डिसेंबर

दादा,

हे पत्र पाकिटात नाही, डब्यात आहे, आणि पत्राच्या खाली काय आहे ते तू आधीच बघितलं असशील. तरी क्रमाने सांगते.

चार दिवस मी राजांना हात लावला नाही. पहिल्या दिवशी ते दारापाशी होते. दुसऱ्या दिवशी उंबरठ्याच्या बाहेर, पायपुसण्यावर. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तक्रार करायला आले, "तुमचे राजे माझ्या पायाखाली येता येता वाचले." मी म्हटलं, तुम्हीच जरा बघून चाला, ते लांबच्या प्रवासाला निघालेत.

आज कारखाना अर्धा दिवस होता. शेवटचा जबडा मालकांच्या हातात ठेवला आणि निघाले. घरी आले तर काकू सोफ्यावर, दार उघडं, जिन्यात दोन राजे आणि उंट. तिसरा नाही. मुलं आत गोठ्यासमोर बसलेली, फार शहाण्यासारखी.

"बाबांचा राजा कुठे आहे?" नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि सरळ विचारलं.

भुंग्या माऊकडे बघायला लागला. माऊ म्हणाली, "टपालपेटीत."

"कुठल्या टपालपेटीत?"

"कोपऱ्यावरच्या. तू कागद टाकतेस त्या. मी ओणवी झाले आणि हा माझ्या पाठीवर चढला. उंट आत जाईना, म्हणून उंट राहिला."

तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती, दोन मुलं एकटी रस्ता ओलांडून गेली म्हणून. पण मला वाटलं ते वेगळंच. वाटलं, पेटी उघडून नेली तर? दोघांना धरलं आणि धावत सुटले. चपला दोन पायांत दोन वेगळ्या होत्या, हे मागाहून बघितलं.

पेटीपाशी उभे राहिलो. बऱ्याच वेळाने पोस्टमन आला. मी म्हटलं, "अहो, यात आमचा राजा पडलाय."

तो किल्ली लावता लावता थांबला. "कुठला राजा?"

"एवढासा. एक हात गुलाबी आहे."

"पाकिटात घातलाय?"

"नाही. तसाच."

"बाई, पेटीत पडलं ते टपालखात्याचं झालं. असं काढून देता येत नाही मला." पण पेटी उघडून त्याने हात घातला आणि शुभेच्छापत्रांच्या ढिगातून राजाला बाहेर काढलं. उलटा-सुलटा करून पाहिला. "हाताला काय झालं याच्या?"

"पाय पडला होता एकाचा."

मग भुंग्या बोलला. परक्या माणसाशी तो मे महिन्यापासून बोललेला नाही. म्हणाला, "तो बाबांना आणायला चाललाय."

पोस्टमन खाली वाकला. "बरं. पण पत्ता कुठे आहे?"

"त्याला माहीत आहे."

"त्याला माहीत असेल रे राजा, पण मला नको का माहीत?" असं म्हणून त्याने तो भुंग्यासमोर धरला. "घे. घरी ने."

भुंग्याने घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागे नेले, घट्ट. वर माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, तू त्याला परत मागे नेऊ नको."

हिरडीला दिलेल्या सुईची भूल उतरायला लागली की आधी गालाला मुंग्या येतात, मग दुखतं. मी रस्त्यातच पेटीला टेकून उभी राहिले. फार दुखलं, दादा. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा दुखलं. रडले, पोस्टमनसमोर, पायांत दोन वेगळ्या चपला. तो बिचारा पिशवीचा बंद नीट करत राहिला.

मग मी भुंग्याला म्हटलं, "मागे नेत नाही. त्याचा पत्ता राहिला होता, तेवढा घालते आणि पाठवते." त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि मग हात पुढे केला.

आत्ता डबा समोर आहे. राजाला तू पाठवलेल्या शर्टात गुंडाळलंय, शर्ट तसाही होत नाही. येताना आणलास तर दोन मापं मोठा आण. गुलाबी हातावर जोर पडू देऊ नकोस, तो मी घाईत केलेला आहे. बाजूला दोन बिस्किटं आहेत, वरचा जबडा आणि खालचा. बाळ आज गव्हाणीत ठेवलं, माऊने ठेवलं. उरलेले दोन राजे उंटासकट चपलांपाशी परत आले आहेत. ते गोठ्यात जायला तयार नाहीत. भुंग्या म्हणतो, तिसरा बाबांना घेऊन आला की सगळे एकदम जातील. शर्टाची गुंडाळी करताना तो गुणगुणत होता. थोडा वेळच, पण होता.

आता जे लिहायचं राहिलंय ते. शाळेत त्या दिवशी भुंग्या मला "आई" म्हणाला. गर्दीत चुकून. मी ओ दिली, आणि तो चुकला हे त्याला कळू दिलं नाही. त्यानंतरच मी तुला घाई नाही म्हणून कळवलं. माऊला कळलं, तुला कळलं नसेल तर आता कळावं म्हणून लिहिते.

आज पत्ता घालायच्या आधी मी हा डबा बराच वेळ उघडा ठेवून बसले होते. न पाठवणं काही अवघड नव्हतं. मुलं झोपली आहेत, राजा कपाटात ठेवला असता आणि सांगितलं असतं, की गेला, पोचायचा आहे अजून.

सहा जानेवारीपर्यंत तू ये. राजाला टपालाने परत पाठवू नकोस, हातात घेऊन ये. नाहीच येणार असलास तर तुझ्याकडेच ठेव. मी मुलांना सांगेन की रस्ता लांब आहे. पुढच्या वर्षीही तेच सांगेन. हळूहळू ते विचारायचे थांबतील, आणि मग एखाद्या दिवशी भुंग्या चुकून नाही, मुद्दाम ती हाक मारेल, आणि मी ओ देईन. मला ते सगळं जमेल, दादा. फार छान जमेल. म्हणून लवकर ये.

मुलांची आत्या